बाणकोट कच्छमध्ये कसं गेलं

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेनऊला, ज्यांचा प्रबंध मी लावून देतोय त्या हेदवीच्या मॅडमचा फोन आला आणि नमस्कार वगैरे काही नाही, डायरेक्ट "अरे, बाणकोट कच्छमध्ये कधीपासून गेलं?" हेदवीला पावसात रेंजची बोंब असते त्यामुळे मला वाटलं मीच भलतं काहीतरी ऐकतोय. मग त्यांनी तळटीप वाचून दाखवली, बाणकोट बंदरातल्या उतारूंबद्दलचं वाक्य आणि खाली कॅम्पबेल १८८०ए, आणि संदर्भसूचीत १८८०ए काय तर मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, खंड ५, कच्छ पालनपूर महीकांठा. म्हणजे सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट, जिथल्या किल्ल्याला इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं ते, आमच्या पीडीएफमध्ये रणाच्या कडेला जाऊन बसलं होतं.

मी रत्नागिरीत प्रबंधांची, पुस्तकांची पानं लावून देतो. बहुतेक काम वर्डमधलं, पण मॅडमचं लॅटेकमध्ये (मजकुरात आज्ञा टाइप करून पानं लावायचं सॉफ्टवेअर), कारण त्यांच्या पुण्याच्या भाच्याने तीन वर्षांपूर्वी गणपतीला आला असताना सगळं सेट करून दिलं होतं. विषय कोकण किनाऱ्यावरची प्रवासी बोट वाहतूक, प्रबंध मराठीत, पानं अडीचशेच्या आसपास, संदर्भ ४१२. संदर्भ झोटेरो या संदर्भ जमवायच्या सॉफ्टवेअरात साठवलेले, त्याच्यावर बेटर बिबटेक हे प्लगइन, ते सगळ्या संदर्भांची एक बिब फाईल काढून देतं आणि ती बायबर या प्रोग्रामने वाचली की झीलॅटेक (लॅटेकचाच एक प्रकार) तळटिपा आणि सूची छापतं. इतिहासाच्या माणसाने एवढा कारखाना चालवावा का यावर माझं वेगळं मत आहे, पण मॅडम त्यात तरबेज झाल्या होत्या आणि एप्रिलपर्यंत एक तक्रार नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक संदर्भाला एक टोपणनाव असतं, त्याला सायटेशन की म्हणतात. लिहिताना तुम्ही पुस्तकाचं नाव टाकत नाही, की टाकता, आणि छापताना सॉफ्टवेअर ती की बिब फाईलमध्ये शोधून तिथला मजकूर आणतं. मॅडमच्या कीचा फॉर्म्युला भाच्याने एकदम छोटा ठेवला होता, आडनाव आणि साल. म्हणजे कॅम्पबेल१८८० (फाईलमध्ये हे सगळं रोमनमध्ये आहे, इथे देवनागरीत लिहितोय एवढंच). एकाच आडनाव-सालाचे दोन संदर्भ आले तर पहिल्याला कोरी की, दुसऱ्याला मागे ए, तिसऱ्याला बी. ही शेपटं प्लगइन आपोआप लावतं, आणि कुणाला कुठलं ते ज्याचा नंबर आधी लागला त्याच्यावर. पुस्तकात काय लिहिलंय याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि इन्व्हर्टरसकट लॅपटॉप गेला. मॅडमनी नवीन घेतला, झोटेरो टाकलं, लॉगिन केलं, सिंक झालं, सगळे ४१२ संदर्भ पीडीएफसकट परत आले. प्रबंधाचं फोल्डर पेनड्राइव्हवर होतं ते कॉपी केलं. भाच्याने फोनवरून प्लगइन टाकायला सांगितलं आणि त्याच नावाने नवीन बिब फाईल एक्स्पोर्ट करायला लावली, म्हणजे फोल्डरमधली जुनी बिब तिथेच पुसली गेली. मग प्रबंध चालवला तर प्रत्येक तळटिपेत पुस्तकाच्या जागी नुसती की, ठळक अक्षरात. (साध्या लॅटेकमध्ये अशा वेळी प्रश्नचिन्ह येतं, मॅडमच्या फाईलमधलं संदर्भ छापणारं बिबलॅटेक हे पॅकेज कीच छापून मोकळं होतं.) अडीचशे पानं, आणि एकही की जुळेना.

याचं कारण असं की सिंकमधून संदर्भ येतात, त्यांच्या की येत नाहीत. म्हणजे पिन केलेल्या, कायमच्या पक्क्या केलेल्या, येतात, कारण पिन केलं की ती की संदर्भाच्या एक्स्ट्रा या रकान्यात लिहिली जाते आणि तो रकाना सिंक होतो. पिन न केलेल्या प्लगइनच्या स्वतःच्या डेटाबेसात त्या एका मशीनवर राहतात. फॉर्म्युलाही प्लगइनच्या सेटिंगमध्ये, तोही मशीनपुरता. नव्या लॅपटॉपवर डिफॉल्ट फॉर्म्युला लागला, त्यात आडनाव, शीर्षकातले पहिले तीन महत्त्वाचे शब्द आणि साल असं असतं, त्यामुळे सगळ्या की नव्या आणि लांबलचक. हे झोटेरो ७ च्या काळातलं सांगतोय, पुढे मेनू हलले असतील तर आपापलं बघा.

भाच्याला एवढं लगेच कळलं. त्याने जुना फॉर्म्युला फोनवर सांगितला, मॅडमनी टाकला, सगळं सिलेक्ट करून की रिफ्रेश केल्या, परत एक्स्पोर्ट, परत रन. आणि जादू झाल्यासारख्या ४१२ पैकी फक्त ११ की अडकलेल्या राहिल्या, बाकी सगळ्या तळटिपा जागच्या जागी. सगळे खुश. वरून भाचा म्हणाला की आता परत असं व्हायला नको, सगळ्या की पिन करून टाक. मॅडमनी केल्या.

गडबड इथेच झाली, आणि दीड महिना कुणाच्या लक्षात आली नाही. फॉर्म्युला तोच, त्यामुळे कींचा संच तोच. कॅम्पबेल१८८० पण आहे, कॅम्पबेल१८८०ए पण आहे. पण नव्या लॅपटॉपवर प्लगइनने की नव्याने वाटल्या तेव्हा कच्छचा नंबर रत्नागिरीच्या आधी लागला. कोरी की कच्छला, ए वाली रत्नागिरीला. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉग स्वच्छ. सापडत नाही अशी की बोंबलते तरी, ही तर मिळत होती, फक्त दुसऱ्याच्या घरात. आणि हे असंच पिन करून पक्कं पण झालं होतं!

फोनवर मी मॅडमना म्हटलं की किती ठिकाणी असं झालंय ते बघायला लागेल, मशीन इकडे घेऊन या. त्या म्हणाल्या, "पावसात मी एवढं ओझं घेऊन एस्टीने यायची नाही, तूच ये, आणि भाच्याने फोनवर काय काय करायला लावलंन ते पण मी लिहून ठेवलंय." म्हणून गुरुवारी सकाळी जयगडहून फेरीने तवसाळला उतरलो आणि हेदवी गाठलं. बोटींवरचा प्रबंध दुरुस्त करायला बोटीतून जातोय हे मॅडमच्या मिस्टरांनी मला दोनदा ऐकवलं.

मॅडमनी वहीत खरंच सगळं लिहिलं होतं, तारीख, कुठलं बटण दाबलं, काय दिसलं. पाच पानं. मला रिमोटवर तासभर बसून जे कळलं नसतं ते त्या वहीत दहा मिनिटांत कळलं, विशेष करून पिन आधी आणि तपासणी नंतर हा क्रम.

पहिला प्रश्न, मूळ वाटणी काय होती हे कुठून कळणार. जुना लॅपटॉप गेला, जुनी बिब पुसली. सुदैवाने एप्रिलमध्ये पानांचा अंदाज काढायला मॅडमनी मला अख्खं फोल्डर झिप करून मेल केलं होतं, ते माझ्या मेलमध्ये तसंच पडलं होतं, त्यात एप्रिलची बिब फाईल. (ती नसती तरी बीबीएल फाईल चालली असती, बायबर तिच्यात कीसकट सगळा मजकूर लिहून ठेवतं. आणि लोक जागा वाचवायला नेमक्या याच फाईली डिलीट करतात.)

मला प्रोग्रामिंग येत नाही. मी दोन्ही बिब फाईलींमधून की, शीर्षक आणि साल एवढंच काढून स्प्रेडशीटमध्ये ठेवलं, डावीकडे एप्रिल, उजवीकडे जुलै, दोन्ही कीप्रमाणे सॉर्ट, आणि मधल्या रकान्यात शीर्षक जुळतंय का एवढा एक फॉर्म्युला. चहा होईपर्यंत उत्तर आलं. १९ की अशा की ज्यांच्या मागचं पुस्तक किंवा बातमी बदललीय. प्रबंधात त्या १९ कींचा वापर ६१ ठिकाणी.

त्यातल्या सात एकट्या गॅझेटियरच्या. जेम्स कॅम्पबेलने मुंबई इलाख्याचे खंड एकामागून एक काढले आणि एकेका सालात कितीतरी. मॅडमच्या कामाचे १८८० चे दोन, खंड १० रत्नागिरी आणि सावंतवाडी आणि खंड ५ कच्छ (कच्छी गलबतं आपल्या बंदरांना लागायची म्हणून तो), १८८२ चे तीन, ठाण्याच्या खंड १३ चे दोन भाग आणि ठाण्याचाच खंड १४, आणि १८८३ चे तीन, खंड ११ कुलाबा आणि जंजिरा, खंड १५ कानडाचे (म्हणजे कारवारकडच्या मुलखाचे) दोन भाग. आठ पुस्तकं, तीन सालं आणि कॅम्पबेल एकच. आठांतला फक्त कुलाब्याचा खंड आपल्या जागी राहिला होता. ठाण्याचे तिन्ही गोल फिरले होते, संगीत खुर्ची खेळल्यासारखे, आणि कानडाच्या दोन भागांची अदलाबदल. कानडाची अदलाबदल तर कुणालाच कधी कळली नसती, नाव तेच, साल तेच, खंड तोच, शीर्षकाच्या शेवटी भाग तेवढा वेगळा.

इथे मॅडमनी एक रास्त शंका काढली. "पण आधीच्या प्रिंटमध्ये पण बाणकोटला शेपूट होतंच की, १८८०बी होतं, माझी पेन्सिलची खूण आहे. मग की कोरी कशी म्हणतोस तू?" आणि यात भलेभले फसतात. छापलेल्या १८८०ए, १८८०बी मधली अक्षरं आणि कीमधली अक्षरं यांचं एकमेकांशी काही नातं नाही. छापलेली बिबलॅटेक स्वतः देतं, सूची ज्या क्रमाने लागते त्या क्रमाने, आणि एकाच लेखकाचं एकाच सालाचं असेल तर शीर्षकाच्या अक्षरांवर. कच्छ रोमनमध्ये सी ने सुरू होतं, रत्नागिरी आर ने, म्हणून छापताना कच्छ कायम ए आणि रत्नागिरी कायम बी. की काहीही असू दे, अगदी आंबा आणि फणस ठेवली तरी छापताना तेच. एप्रिलमध्ये कोरी की रत्नागिरीकडे होती म्हणून बाणकोटखाली बी छापून आलं, जुलैत कोरी की कच्छकडे म्हणून ए. मॅडमनी हे नुसतं वाचून पकडलं नाही, जुनी प्रिंट शेजारी ठेवून एकेक तळटीप टिकमार्क करत चालल्या होत्या तेव्हा ए आणि बी चा फरक दिसला. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी असं कोण करतं? मी तरी बघितलेलं नाही.

उरलेल्या बारांपैकी तीन एका आडनावाच्या, ते सोपं होतं. नऊ वर्तमानपत्राच्या बातम्या आणि खरा घाम तिथे फुटला. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, मॅडमचं एक अख्खं प्रकरण त्याच्यावर आहे. त्यासाठी जमवलेल्या १४ बातम्यांना लेखक नाही. आडनाव-साल या फॉर्म्युल्यात आडनावच नसलं की उरतं नुसतं साल. म्हणजे की काय तर १९४७, १९४७ए, १९४७बी असं करत थेट एम पर्यंत. मी म्हटलं मॅडम, लिहिताना तुम्हाला कसं कळायचं की जी म्हणजे कुठली बातमी? त्या म्हणाल्या, "पाठ होतं." असेल, पण प्लगइनला पाठ नव्हतं.

सातांचं शीर्षकावरून लागलं. दोन मात्र अडल्या, एप्रिलच्या फाईलमधली सी आणि डी. दोघींचं शीर्षक "रामदास बोट" एवढंच, दोन्ही एकाच वर्तमानपत्रातल्या, तारखेच्या जागी नुसतं साल, घाईत भरलेलं. जुलैच्या फाईलमध्ये पण अशाच दोन, एफ आणि जी झालेल्या. कुठली कुठली? अर्धा तास मी शीर्षकांकडे बघत बसलो आणि मग लक्षात आलं की बिब फाईलमध्ये प्रत्येक नोंदीखाली जोडलेल्या फाईलचा पत्ता पण एक्स्पोर्ट होतो. मॅडमनी ग्रंथालयात मोबाईलवर फोटो काढून जोडले होते, फोटोच्या नावात कॅमेऱ्याचा नंबर. एप्रिलच्या सी खाली २१४ ने संपणारा फोटो, जुलैत तोच एफ खाली. उघडून बघितला तर कोपऱ्यात मॅडमचा अंगठा आणि वाचलेल्या उतारूची हकीकत, दुसरा चौकशीच्या मागणीचा. जुळलं. लगे हाथ दोन्हींची शीर्षकं आणि तारखा नीट भरून घेतल्या.

आता दुरुस्ती. माझा पहिला विचार असा की सगळ्या की एकदम नव्या, अर्थपूर्ण ठेवून टाकू. पण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की चुकलं तर कशामुळे ते कळत नाही, म्हणून आधी नुसती एप्रिलची वाटणी परत आणायची ठरवली. १९ संदर्भांचा एक्स्ट्रा रकाना उघडून पिन केलेली चुकीची की पुसून जुनी लिहायची, एवढंच. तरी मी एकदा माती खाल्ली. रत्नागिरीला कोरी की दिली आणि कच्छची बदलायच्या आधीच वीज गेली म्हणून गडबडीत एक्स्पोर्ट मारला, तर एकाच कीचे दोन मालक झाले. बायबरने लॉगमध्ये डुप्लिकेट की म्हणून सांगितलं आणि दुसरी नोंद सोडून दिली. हे निदान सांगतं तरी. अदलाबदल करताना एकाला तात्पुरती तिसरीच की देऊन ठेवावी, मग दोघांची करावी, हे मला एरवी माहीत असतं!

मग सगळ्या टेम्पररी फाईली उडवल्या, झीलॅटेक, बायबर, झीलॅटेक, झीलॅटेक असा पूर्ण फेरा, आणि एप्रिलची प्रिंट शेजारी ठेवून ६१ च्या ६१ जागा मॅडमनी वाचल्या, मी टिक केल्या. हे बाहेर बसून करणार होतो पण पाऊस असा होता की पडवीत कागद मऊ पडायला लागले.

ते अडकलेले ११ विसरलो नव्हतो. त्यातले पाच मुंबई पोर्ट ट्रस्टचे अहवाल. पूर्वी इम्पोर्ट होताना संस्थेचं नाव माणसासारखं आडनाव-नाव असं तुटलं होतं, त्यामुळे आडनाव "ट्रस्ट" आणि की ट्रस्ट ने सुरू होणारी. मेमध्येच मॅडमनी ते शहाणपणाने एका रकान्यात नीट केलं आणि की तेव्हा पिन नसल्यामुळे ती बदलली. तीन ठिकाणी साल दुरुस्त केलेलं, तीच गोष्ट. दोन नोंदी डुप्लिकेट म्हणून दुसऱ्या नोंदींत मिसळलेल्या, त्यामुळे त्यांच्या की गेलेल्या. आणि शेवटची एक माझ्या फार आवडीची. रत्नागिरी जिल्ह्याच्या १९६२ च्या सुधारित गॅझेटियरची तळटीप नव्याने टाकताना कीबोर्ड मराठीवरच राहिलेला, त्यामुळे कीमधलं नाव रोमन आणि साल देवनागरी अंकांत. डोळ्यांना बरोबर, मशीनला परकं. मराठीत लॅटेक लिहिणाऱ्यांनी की न सापडल्यास सगळ्यात आधी अंक बघावेत.

दुपारी जेवून मग नव्या की. डिफॉल्ट फॉर्म्युला ठेवला असता तर हे झालं नसतं का असं भाच्याने फोनवर विचारलं. झालं असतं. कॅम्पबेलच्या प्रत्येक खंडाच्या शीर्षकातले पहिले तीन शब्द गॅझेटियर, बॉम्बे, प्रेसिडेन्सी, सगळ्या आठांचे तेच, त्यामुळे की लांब झाली असती आणि शेपटं तिथेही लागली असती. अशा ठिकाणी फॉर्म्युला कामाचा नाही, हातानेच द्यायची. म्हणून गॅझ-रत्नागिरी, गॅझ-कच्छ, गॅझ-ठाणे-१३-१ अशा आठ, आणि बातम्यांना रामदास लिहून पुढे वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख. झोटेरोत एक्स्ट्रामध्ये आणि प्रबंधाच्या फाईलींत शोधा-बदला करून. शोधताना कीच्या पुढचा महिरपी कंस धरून शोधायचं, नाहीतर कॅम्पबेल१८८० बदलताना कॅम्पबेल१८८०ए चं तोंड पण बदलतं आणि शेपटीला एक ए लोंबकळत राहतो. बाकीच्या ३९० पैकी कुणाला हात लावला नाही, त्या पिन आहेत आणि तपासलेल्या आहेत, चालतंय तर चालू दे.

परत पूर्ण फेरा. मॅडमनी आधी बाणकोटचं पान उघडलं, खाली कॅम्पबेल १८८०बी, सूचीत खंड १०. मग त्यांनी नवी बिब फाईल स्वतःला मेल केली, मला मेल केली, भाच्याला मेल केली आणि वहीत सहाव्या पानावर तारीख टाकून लिहून ठेवलं. मला शेवटची फेरी गाठायची होती म्हणून निघालो, तर मागून हाक, "अरे, कानडाचा भाग दोन आपण बघितला ना?" बघितला होता. तरी परत येऊन एकदा बघितला.